चुलीवाचून तापलेले पाणी

दिवाळीचा वास कशाचा, असे मला कोणी विचारले तर मी चकलीचे किंवा करंजीचे नाव घेणार नाही. मी म्हणेन, बंबाच्या धुराचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून चांदण्या आहेत, अंगणात रांगोळीभोवती पणत्या मिणमिणत आहेत आणि न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब तापतो आहे. त्याच्या नळकांड्यातून बाभळीच्या लाकडाचा आणि तुराट्यांचा धूर वर चढतो आहे, त्यातच तेलाचा आणि उटण्याचा वास मिसळतो आहे. हा वास ज्याच्या नाकात लहानपणी एकदा भरला, त्याला पुढे कुठल्याही देशात नेऊन ठेवा, धुराची एक रेघ दिसली की त्याची दिवाळी सुरू होते.

आमचे घर केडगावचे. नगर शहराच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वेशीबाहेर, पुण्याच्या रस्त्यावरचे हे गाव. रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत ठाऊक असलेले. नवरात्रात सारे नगर पायी दर्शनाला येते. आज केडगाव महानगरपालिकेत गेले आहे. माझ्या लहानपणी मात्र ते खरोखरीचे गाव होते, आणि गावाला पाण्याची ददात होती. त्यामुळे दिवाळीतील अभ्यंगस्नान ही आमच्याकडे मोठी हिशेबाची गोष्ट असे. विहिरीचे पाणी मोजके, सरपण त्याहून मोजके. म्हणून अंघोळीला क्रम होता. आधी आजोबा, मग नाना, म्हणजे माझे वडील, मग आम्ही पोरे, मग आत्या आणि सर्वांत शेवटी आई. पहाटे तीनला उठून बंब पेटवणारी आई, सगळ्यांच्या अंगाला तेल लावणारी आई, कारीट फोडायला पोरांना हाका मारणारी आई. तिच्या वाट्याला येई ते विझत आलेल्या बंबातले कोमट पाणी. आम्हाला घंगाळात विसण घालावे लागे इतके कढत पाणी मिळे. तिला विसणाची गरज कधी पडलीच नाही. ह्यात काही अन्याय आहे असे घरात कोणालाच वाटत नसे. तिलाही वाटत नसावे. दिवस उजाडतो तितक्याच सहजपणे हा क्रम चाले.

पुढे मला इतिहासाचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की ऊन पाणी ही वस्तू दिसते तितकी साधी नाही. पाणी सर्वांचे असते. पण ते तापले की त्याला मालक येतो. कोणीतरी लाकडे तोडावी लागतात, कोणीतरी विस्तवाशी बसावे लागते, तेव्हा कोणीतरी सुखाने न्हातो. आमच्या नगरलाच पाहा ना. 1490 साली अहमद निजामशहाने हे शहर वसवले आणि पुढच्या शंभर वर्षांत निजामशाहीने ह्या कोरड्या मुलखात पाण्याचे मोठे नवल उभे केले. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, निमगाव अशा गावांच्या बाजूने खापरी नळ शहरात आणले. भाजलेल्या मातीचे हे नळ जमिनीखालून चुन्यात बसवलेले. त्यांच्या पाण्यावर महाल, मशिदी, बागा आणि कारंजी नांदली. 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबाग महाल तर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला. ज्या शहरात असे पाणी खेळले, तिथे हमाम असणार हे ओघानेच आले. हमाम म्हणजे नुसते न्हाणीघर नव्हे; खालून विस्तव घालून तापवलेली फरशी, वाफेने भरलेली दालने, असा तो राजेशाही थाट.

त्या थाटाची एक भयंकर गोष्ट नगरच्या इतिहासात आहे. 1588 साली मुर्तझा निजामशहाला त्याच्या मुलाने, मिरान हुसेनने, हमामात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली आग पेटवून दिली. बाप आत गुदमरून मेला. फिरिश्ता हा नावाजलेला इतिहासकार त्या वेळी नगरच्याच चाकरीत होता आणि त्याने हा प्रकार लिहून ठेवला आहे. बापाला मारून गादीवर बसलेला मिरान हुसेनही वर्षाच्या आतबाहेर मारला गेला. ज्या विस्तवाने सुख द्यायचे त्याच विस्तवाने गळा घोटला. विस्तव ज्याच्या हाती त्याची सत्ता. हमामातही हेच खरे, आणि लहान प्रमाणावर आमच्या न्हाणीघरातही.

मग ज्या पाण्याखाली कोणीच विस्तव पेटवलेला नाही, त्याचे काय?

ह्या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती ग्रंथात नव्हे. पालीजवळच्या एका कुंडाच्या काठावर. त्याला कारण 1972 चा दुष्काळ. नगर जिल्ह्याने तो दुष्काळ कसा काढला हे त्या पिढीच्या माणसाला सांगावे लागत नाही. विहिरींचे तळ दिसले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आठवड्यातून एकदा अंघोळ, तीही दोन तांब्यांची. आणि त्या दोन तांब्यांचे पाणी खाली परातीत धरून पुन्हा जनावरांच्या तोंडी. त्या वर्षीच्या दिवाळीला बंब माळ्यावरून खाली उतरलाच नाही. आईने तेव्हा नवस केला होता, की विहिरीला पाणी आले तर अष्टविनायक करीन. पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आले. 1974 च्या जानेवारीत गावातल्या चाळीसेक माणसांनी मिळून एस. टी. कराराने ठरवली आणि आम्ही निघालो.

एस. टी. बद्दल केडगावकरांना थोडा अभिमान आहे, आणि तो सकारण आहे. 1 जून 1948 रोजी राज्याची पहिली एस. टी. धावली ती नगरहून पुण्याला. ती आमच्या गावावरूनच गेली. नाना सांगत की त्या दिवशी लोक रस्त्याकडेला उभे राहून त्या गाडीकडे वरातीकडे पाहावे तसे पाहत होते. ह्या गाडीने काय केले, हे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. तिने आमच्या आयांना प्रवास दिला. त्यापूर्वी बाईमाणसाने गाव सोडायचे ते माहेरासाठी, बाळंतपणासाठी, नाहीतर पंढरीसाठी. तिकीट काढून खिडकीशी बसावे आणि आपण न पाहिलेला मुलूख डोळ्यांखालून जाऊ द्यावा, हे सुख एस. टी. ने दिले.

पहिला गणपती आमच्याच जिल्ह्यातला, भीमाकाठचा सिद्धटेकचा. मग मोरगाव, थेऊर असे करीत आम्ही बोरघाट उतरलो आणि पालीला आलो. बल्लाळेश्वराचे दर्शन झाले. धर्मशाळेत कोणीतरी सांगितले की इथून जवळच उन्हेरे म्हणून गाव आहे, तिथे जमिनीतून ऊन पाणी येते. पहाटेची थंडी होती. सगळी यात्रा तिकडे निघाली.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दगडांनी बांधलेले कुंड, पाण्यावर वाफेचा पातळ पदर, आणि नाकाला जरासा गंधकाचा वास. उन्हेऱ्याचे पाणी काही कढत नाही. साधारण 40 अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाच्या उष्म्याहून थोडेसेच अधिक. बरोब्बर विसण घातल्यासारखे. आम्ही पोरे आत उतरलो ती बाहेर यायला तयार होईनात. आई आणि आत्या बायकांच्या बाजूला गेल्या होत्या. आत जाण्यापूर्वी आईने वाकून पाण्यात हात घातला, चटकन काढून घेतला आणि आत्याला म्हणाली, “वन्सं, हे पाणी तापवलं कोणी?” आत्या म्हणाली, “देवानं.” आई म्हणाली, “मंग लाकडं कुठून आणली त्यानं?”

सारे हसले. मीही हसलो. पण आज वाटते, त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मी पुढे कुठल्या पंडिताच्याही तोंडून ऐकला नाही.

पुरुषमंडळी अंग पुसून, कपडे करून बाहेर येऊन उभी राहिली. बायका येईनात. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. एकेक करीत बाकीच्या बायका आल्या, आत्याही आली; आई आली नाही. नाना कुंडाच्या भिंतीबाहेर धोतराचा सोगा हातात धरून येरझाऱ्या घालीत होते. “निघाली का?” असे त्यांनी आत्याला विचारले. आत्या म्हणाली, “राहू दे नाना, अजून थोडं. ती म्हणती, हे पाणी सरतच न्हाई.” नाना काही बोलले नाहीत. थांबले. माझ्या आठवणीत नानांनी आईच्या अंघोळीसाठी थांबण्याची ती पहिलीच वेळ.

आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला पुष्कळ वर्षे लागली. आपल्या भाषेने ह्या जागांची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. ऊन म्हणजे उष्ण. पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव, नांदेडकडचे उनकेश्वर; नावातच पाणी वाफाळते आहे. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. त्यांनी पाण्यात हात घातला आणि गावाला नाव दिले.

पाणी ऊन का, ह्याचे उत्तरही त्यांनी आपल्या परीने दिले. उनपदेवला सांगतात की शरभंग ऋषींच्या अंगाला व्याधी जडली होती, त्यांच्यासाठी रामाने बाण मारून ऊन पाणी काढले. वज्रेश्वरीला सांगतात की देवीने असुर मारले, त्यांचे रक्त अजून ऊन आहे. हसण्यासारखे ह्यात काही नाही. गोष्ट रचणाऱ्याला एवढे कळले होते की हा उष्मा वरचा नव्हे, जमिनीच्या पोटातला आहे. आणि तो कोणाच्या तरी दुखण्याशी बांधलेला आहे, कारण ह्या पाण्याकडे येतो तो बहुधा दुखरे गुडघे आणि खाजरी कातडी घेऊनच.

मग इंग्रज आले आणि त्यांनी तापमापक आणला. 1880 पासून पुढे निघालेल्या रत्नागिरी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटिअरांत ह्या झऱ्यांची वर्णने आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम ह्यांनी देशभरच्या उष्ण झऱ्यांची यादी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर 1882 साली त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केली. त्या यादीत सुमारे 300 झरे आहेत. कोकणातले झरे पाहिले तर ते पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याने, एखाद्या ओळंब्यात धरल्यासारखे उत्तर-दक्षिण ओळीत आहेत. अशी 18 ठिकाणे मोजतात. सगळ्यांचा उष्मा एक नाही. राजापूरचे उन्हाळे 42 अंशांच्या आसपास, अकलोली-गणेशपुरीचे पाणी 50 च्या घरात, संगमेश्वराकडचे तुरळ 60 च्या पुढे, आणि खेडकडचे उन्हवरे 70 च्या जवळ. शेवटच्या दोन ठिकाणी उगमाच्या पाण्यात सरळ पाय घालणाऱ्याची कातडी भाजेल. तिथे ते निववूनच घ्यावे लागते.

पुष्कळांना वाटते की खाली ज्वालामुखी आहे. तसे नाही. आपला काळा पत्थर ज्वालामुखीचाच खरा, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवून गेला. गंधकाने पाणी तापते, ही समजूतही खरी नाही. तो वास पाण्यात विरघळलेल्या वायूचा. खरी गोष्ट अशी की जमिनीत जसजसे खोल जावे तसतसा उष्मा वाढतो. दर किलोमीटरला ढोबळ मानाने 25 ते 30 अंश. कोकणात पाऊस धो धो पडतो. त्यातले थोडे पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली, फार खाली झिरपते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने, बहुधा नदीकाठच्या सखल जागी, वर येते. सह्याद्रीच्या पायथ्याने अशा भेगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत, म्हणून झरेही त्या ओळीत. जाता-येता हे पाणी खडकातले क्षार घेऊन येते आणि चवीला मचूळ-खारट लागते. म्हणजे आईला उत्तर द्यायचे तर असे: लाकडे लागलीच नाहीत. पाऊस खाली गेला, पृथ्वीच्या पोटाशी बसून शेकला आणि वर आला.

उगमाचे उत्तर असे मिळाले. पण कुंडाचा इतिहास उगमाने घडत नाही, तो वाटसरूंनी घडतो. ऊन पाण्याची ही ठिकाणे पाहिली तर एकही मोठे नगर त्यांच्याभोवती वसलेले नाही. ती वाटेवरची ठिकाणे आहेत. आरवली आणि तुरळ मुंबई-गोवा रस्त्यावर. राजापूर बंदर आणि घाटाच्या व्यापाराचे. 1649 पासून तिथे इंग्रजांची वखार होती. वज्रेश्वरीची गोष्ट तर लढाईच्या वाटेची. 1737 पासून चिमाजी अप्पांची वसईची मोहीम चालली होती. किल्ला पडला तर देवीचे देऊळ बांधीन, असा त्यांनी नवस केल्याचे सांगतात. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि वसईचे सुभेदार शंकराजी केशव ह्यांच्या देखरेखीखाली देऊळ उभे राहिले. चढत्या पायऱ्या आणि बळकट तट पाहिले की देऊळ किल्ल्यासारखेच वाटते. जवळच अकलोलीला तानसेच्या काठी कुंडे आहेत. थोडे पुढे गणेशपुरी. तिथे भीमेश्वराच्या देवळापाशी कुंडे, आणि 8 ऑगस्ट 1961 रोजी समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींचे स्थान. यात्रेकरूचा नेम साधा: आधी कुंडात बुडी, मग देवीचे दर्शन. बदरीनारायणाच्या तप्तकुंडाचा नेमही हाच. सगळ्या हिमालयाची वाट तुडवून आलेल्या माणसाला देव सांगतो, आधी शेकून घे, मग ये.

त्या हिमालयाच्या वाटेवर आमच्या जिल्ह्याची एक खूण आहे. जामखेड तालुक्यातल्या चोंडीला 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी जी धर्मकार्ये केली, त्यांच्या याद्यांत बदरी-केदारच्या वाटेवरच्या धर्मशाळा आहेत, कुंडे आहेत आणि देवप्रयागाकडे ऊन पाण्याच्या कुंडाचीही नोंद आहे. घाट, विहिरी, अन्नछत्रे ह्यांसाठी त्यांचे नाव घरोघर घेतले जाते. ऊन पाण्याचे कोणी बोलत नाही. मला मात्र ती नोंद वाचताना आमचे न्हाणीघर दिसले. पाण्याच्या दुर्भिक्षात वाढलेल्या मुलीलाच हे सुचावे, की दूरदेशी बर्फात चालणाऱ्या अनोळखी माणसाला अंघोळीला ऊन पाणी मिळाले पाहिजे.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. पाणी ऊन का, हे कळले. पण त्यात उतरायचे कोणी? आणि आधी कोणी?

बौद्धांच्या विनयग्रंथात ह्याची एक गोड कथा आहे. मगधाच्या राजगृहाला तपोदा नावाचे ऊन पाण्याचे झरे होते. ते आजच्या राजगिरलाही आहेत. राजा बिंबिसार तिथे न्हायला गेला तर भिक्षू अंघोळ करीत होते. भिक्षूंची होऊ दे, म्हणून राजा थांबला. भिक्षू काही आटोपेनात. अंधार पडला. शेवटी राजा न्हाला, पण परतेपर्यंत नगराचे दरवाजे लागले आणि मगधाच्या राजाला आपल्याच राजधानीबाहेर रात्र काढावी लागली. बुद्धाच्या कानी हे गेले तेव्हा त्याने नियम केला की भिक्षूने पंधरवड्यातून एकदाच न्हावे. पण त्याला अपवादही ठेवले: उन्हाळा, आजार, श्रमाचे काम, वादळवारा आणि प्रवास. प्रवासात असलेल्याला अंघोळीची मुभा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमात वाटसरूच्या अंगाची धूळ आठवणीत ठेवलेली आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. आणि राजा थांबला, ही त्याहून मोठी.

कुंडापाशी सगळेच असे थांबत नाहीत. इंग्लंडात बाथ म्हणून गाव आहे. तिथल्या 46 अंशांच्या झऱ्यावर रोमन लोकांनी मोठी स्नानगृहे बांधली होती. त्या झऱ्याच्या तळातून शिशाच्या आणि कथलाच्या शंभरावर पातळ पट्ट्या निघाल्या. त्यांवर काय कोरलेले असावे? मंत्र नव्हेत, स्तोत्रे नव्हेत. अंघोळ करीत असताना आमचे कपडे चोरले, हे देवी, त्या चोराला झोप लागू देऊ नकोस, अशा तऱ्हेचे शिव्याशाप! देश वेगळा, काळ वेगळा, पण कुंडाच्या काठावर ठेवलेल्या धोतरावर एक डोळा ठेवून बुडी मारणारा आपला यात्रेकरू आणि तो रोमन सख्खे भाऊच म्हणायचे.

पण ह्या प्रश्नाचे खरे उत्तर मला आपल्याच मुलखात मिळाले. अष्टविनायकांतले महड वेगळे. मी सांगतो ते सावित्रीकाठचे महाड. पुढे नोकरीला लागल्यावर रायगड पाहायला गेलो तेव्हा महाडला मुक्काम केला. महाडजवळच, सावित्रीच्या काठी, सव येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. सकाळी तिथे जाऊन आलो. मोठ्या मजेने, ओल्या केसांनी गावात परतलो आणि पाहता पाहता चवदार तळ्यापाशी येऊन उभा राहिलो.

चवदार तळ्याचे पाणी ऊन नाही. त्याला औषधी म्हणून कोणी नावाजलेले नाही. साधे, गार, पिण्याचे पाणी. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या सर्वांना खुल्या असाव्यात असे ठरले. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर दंगा झाला, माणसांना मारहाण झाली, तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला, मग दिवाणी दावा. उच्च न्यायालयाचा निकाल तळे सर्वांना खुले असल्याचा लागला तो 17 मार्च 1937 रोजी. एका ओंजळीला दहा वर्षे.

मी तिथे उभा होतो आणि माझ्या अंगाला अजून सवच्या पाण्याची ऊब होती. त्या ऊबेची मला एकदम लाज वाटली असे म्हटले तर ते थोडे नाटकी होईल. पण मघाची मजा राहिली नाही, हे खरे. सकाळी कुंडात उतरताना मला कोणी नाव विचारले नव्हते, जात विचारली नव्हती. ते मी त्या जागेचा गुण समजलो होतो. तो जागेचा गुण नव्हता. पाऊस कोट्यवधी वर्षे खाली जातो आहे आणि ऊन होऊन वर येतो आहे. त्या पाण्याला कोण येतो ह्याची फिकीर नाही. दार लावतो तो माणूस, आणि ते उघडावे लागते तेही माणसालाच. उन्हेऱ्याला आईच्या पाठीवरून जे पाणी वाहिले ते पृथ्वीने तापवले होते. पण तिला तिथपर्यंत पोहोचवले नवसाने, एस. टी. ने आणि भिंतीबाहेर न रागावता थांबलेल्या एका माणसाने.

आज बंब गेला. केडगावच्या गच्च्यांवर सूर्यावर पाणी तापवणाऱ्या टाक्या आल्या, न्हाणीघरात गीझर आले. कळ दाबली की पाणी ऊन, आणि कोणी आधी न्हावे ह्यावर घरात चर्चाही होत नाही. कुंडेही बदलली. काही ठिकाणी नीट बांधकाम झाले, काही ठिकाणी साबणाच्या वड्यांची वेष्टने तरंगतात. 2013 च्या जूनमधल्या महापुरात केदारच्या वाटेवरचे गौरीकुंडाचे तप्तकुंड वाहून गेले. कुंड गेले तरी पाण्याची खालची वाट तशी सहजासहजी मोडत नाही. ते दुसऱ्या भेगेने पुन्हा वर येते.

एवढे सांगून पुन्हा आमच्या न्हाणीघराशी येतो. अष्टविनायकाहून परतलो त्याच वर्षीची, 1974 ची दिवाळी. माळ्यावरचा बंब खाली उतरला, चिंच लावून लखलखीत झाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे नाना आईला म्हणाले, “आज आधी तू घे.” आई म्हणाली, “भलतंच. आधी पोरांचं होऊ द्या.” आणि नेहमीच्याच क्रमाने अंघोळी झाल्या. आजोबा, नाना, आम्ही, आत्या. आईची पाळी आली तेव्हा उजाडत आले होते. ती पदर खोचून उठली तेवढ्यात नाना गड्याप्रमाणे दोन घागरी खांद्यावरून घेऊन मागल्या दाराने आले. त्यांनी त्या बंबात ओतल्या, खाली बसून दोन मोठी लाकडे आत सारली आणि फुंकणीने जाळ केला. धुराने त्यांचे डोळे पाणावले होते.

“थांब जरा,” ते म्हणाले, “तापू दे.”

त्या दिवाळीला आईने घंगाळात विसण घातले.